हात उठला नाही

थप्पड बसली तेव्हा दैवशालाच्या उजव्या हातात पक्कड होती. वीतभर लांब, लाल मुठीची, रोजच्या वापरानं दात गुळगुळीत झालेली. जालन्यातल्या मस्तगडच्या त्या गल्लीत भर दुपारी ती नुकतीच शिडीवरून खाली उतरली होती. वरच्या तारेवर चोरीच्या विजेसाठी टाकलेला आकडा तिनं काढून खाली फेकला होता आणि त्याची काळी वायर हाताभोवती गुंडाळत ती उभी होती. वायर ज्या वेल्डिंगच्या दुकानात शिरत होती, तिथून मालक बद्रीनाथ बनियनवरच बाहेर आला. पन्नाशीचा, जाड मानेचा, जेवणावरून उठलेला माणूस. त्याच्या बोटांना कांद्याचा वास होता, हे तिला नंतर आठवलं. "बाईमाणूस होऊन माझ्या दारात मला चोर म्हणू राह्यलीस?" तो म्हणाला. चोर हा शब्द तिनं उच्चारलाच नव्हता. ते सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तेवढ्यात डाव्या गालावर त्याचा पंजा बसला. डोक्यावरचं हेल्मेट निघून गटाराच्या कडेला जाऊन पडलं. शिडी धरून उभा असलेला कलीमचाचा, तिच्याबरोबर काम करणारा जुना वायरमन, ओरडला, "ओ सेठ, पागल झाले का?" समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. दारादारात बाया उभ्या राहिल्या. सगळी गल्ली तिच्याकडे बघत होती, ती काय करते ते बघायला. दैवशाला वाकली, तिनं हेल्मेट उचललं, त्याला लागलेला चिखल ओढणीनं पुसला आणि बद्रीनाथला म्हणाली, "बरं."

बरं. जणू त्यानं उद्या या म्हणून सांगितलं होतं. वीज कंपनीच्या गाडीत बसल्यावर गाल तापायला लागला, कानात बारीक शिट्टी वाजायला लागली, पण त्या दोन्हींपेक्षा तो शब्द तिला जास्त झोंबत होता. तो कुठून आला? तिच्या कुठल्या कोपऱ्यात तो इतकी वर्षं दडून बसला होता? कलीमचाचा बाजूला बसून तळव्यावर तंबाखू मळत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "चांगलं केलं पोरी. हात उचलला असता तर आपल्याच गळ्यात आलं असतं. अक्कलनं काम घेतलं तू." ती खिडकीबाहेर बघत राहिली. अक्कल वापरायला वेळ मिळालाच नव्हता. ती वाट बघत होती, हात उठायची. पक्कड धरलेला हात वर जाईल आणि त्या जाड मानेवर उतरेल, याची तिला इतकी खात्री होती की थप्पड बसल्यानंतरचा तो क्षण तिनं नुसता तमाशा बघणाऱ्यासारखा काढला. हात उठला नाही. तिनं मांडीवरच्या त्या हाताकडे पाहिलं. काळपट, नखांत ग्रीस भरलेला, मनगटाशी जळाल्याचा जुना डाग. आपलाच होता. पण एखाद्या नातेवाइकानं ऐन वेळी ओळख दाखवू नये तसा तो तिला परका वाटला.

कारण दैवशाला ही हात उठवणारी बाई होती. हे तिचं स्वतःविषयीचं पहिलं ज्ञान होतं, नावाच्याही आधीचं. भोकरदनकडच्या केदारखेड्यात दहावी झाल्यावर तिनं आयटीआयला जायचं म्हटलं तेव्हा थोरल्या भावानं, भागवतनं, तिला गोठ्यात नेऊन मोटारीच्या रबरी पाइपाच्या तुकड्यानं मारलं होतं. बाप नव्हता, घर भागवतच्या हातात होतं. पाइप पाठीवर, पोटऱ्यांवर, मग मानेवर पडत होता आणि म्हैस दाव्याला हिसके देत होती. तेव्हा तिनं त्याचं मनगट दातांत धरलं. सोडलंच नाही. कातडी फुटली, तोंडात खारट गरम भरलं, दात आतल्या कशावर तरी जाऊन टेकले, आणि भागवत गुरासारखा हंबरला. पाइप खाली पडला. ती सुटली, विहिरीकडे पळाली, तिथं चुळा भरत संध्याकाळपर्यंत बसली. त्या दिवसानंतर त्या घरात तिच्या अंगाला कुणी बोट लावलं नाही आणि जूनमध्ये ती आयटीआयला गेली. एवढं सोपं असतं हे सगळं, असं तिला विहिरीवर वाटलं होतं. जोरात चावलं की जग मागं सरकतं.

पुढं जे झालं ते त्या दातांवरच झालं, असं ती धरून चालली होती. भरतीच्या वेळी खांबावर चढायची परीक्षा होती. पोरं घाबरत घाबरत चढत होती. ती खाली उभ्या साहेबाकडे न बघता एका दमात वर गेली आणि वरून तिनं आजूबाजूची रानं पाहिली. पहिली नेमणूक वाटूरला. तिथं फाट्यावर एका वादळात मोठ्या लाइनीचा खांब वाकला होता. दोघं तिघं जण वर बघून डोकं खाजवत उभे होते. "मी चढते," ती म्हणाली होती. ते दोन शब्द तिची सहीच झाले. जालन्याला बदली झाल्यावरही अवघड काम आलं, झाडात अडकलेली तार आली, मधमाश्यांचं मोहोळ लागलेला खांब आला की माणसं आधी तिच्याकडे बघायची आणि ती म्हणायची, मी चढते. म्हणायच्या आधी आत काहीतरी हलायचं. जबड्यात. दात एकमेकांवर बसायचे, जिभेला खारट चव यायची, आणि पाय आपोआप शिडीवर जायचे. बाकीच्यांना का जमत नाही, याचं तिला मनातून हसूच यायचं. त्यांना त्यांची चव सापडली नव्हती, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका साध्या खांबाशी ती उभी राहिली. फ्यूज जळाला होता, पाच मिनिटांचं काम. कलीमचाचानं शिडी लावली. तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्या, आणि मग जबड्याची वाट बघितली. जबडा ढिला होता. तोंडात फक्त सकाळच्या चहाची आंबूस चव होती. वरचे पांढरे चिनी मातीचे कप, त्यांतून जाणाऱ्या तारा, त्यामागचं उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ, सगळं लांब गेलेलं होतं, आणि मधे बद्रीनाथचा पंजा होता. घाम फुटला. "पायात गोळा आला चाचा," ती म्हणाली आणि खाली उतरली. चाचा स्वतः चढला. वर चढताना त्याचे गुडघे वाजत होते ते तिला खालून ऐकू येत होते. निवृत्तीला आलेला माणूस. त्यानंतर तिच्या पायात रोजच गोळा येऊ लागला, कधी चक्कर, कधी पाळी. आठवड्याभरानं तिनं साहेबांना सांगून ऑफिसातलं काम मागून घेतलं, तक्रारींचा फोन उचलायचं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सोपं काम मागितलं होतं आणि साहेबांनी ते लगेच दिलं, बाईमाणसाला शेवटी हेच बरं, अशा चेहऱ्यानं.

साहेबांनी थपडेची फिर्याद द्यायची म्हणून सुरुवातीला बरीच धावपळ दाखवली होती. मग कुणाचा तरी फोन आला, मग कुणाचा तरी आणखी एक. एका सकाळी बद्रीनाथ इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा बॉक्स घेऊन ऑफिसात आला. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "ताई, गरमीगरमीत झालं. बहीण समजून माफ करा." साहेब हसले. क्लार्क हसले. कुणीतरी पेढा उघडून तिच्यापुढं धरला. तिच्या टेबलावर काचेचा जड पेपरवेट होता. तो उचलून याच्या भुवईवर मारावा, भुवई फाटते तेव्हा रक्त डोळ्यात उतरतं, माणूस आंधळ्यासारखा हात फिरवतो, तेव्हा दुसरा फटका कानामागं मारावा, असं तिनं अगदी बारकाईनं, सावकाश मनात करून पाहिलं. आणि तोंडानं म्हणाली, "बरं." दुसऱ्यांदा. म्हणजे पहिल्यांदा तो चुकून सुटलेला शब्द नव्हता. पेढा तिनं खाल्ला. गोड होता.

त्यानंतरच्या दिवसांत तिनं त्या माणसाला कितीतरी वेळा मारलं. फोनवर "व्हय, माणूस पाठवते" म्हणताना मारलं, भाकरी थापताना मारलं, रिक्षात बसून मारलं. त्याच्याच वेल्डिंगच्या ठिणगीनं डोळे जाळले, त्याच्याच दुकानातली सळई त्याच्या बरगडीत घातली. प्रत्येक वेळी तो पडायचा आणि प्रत्येक वेळी शेवटी तिचा हात रिकामा मांडीवर सापडायचा. नवरा, हरिओम, बियाण्याच्या गोदामात पोती मोजायचं काम करायचा. शांत माणूस, कुणाशी भांडण नाही. "झालं ते झालं. ऑफिसचं काम मिळालं, चांगलंच झालं की," तो म्हणायचा, आणि तिला त्याच्या शांतपणाचीही शिसारी यायची. एका संध्याकाळी जेवताना शालूनं, त्यांच्या मुलीनं, वरणाची वाटी सांडली. एवढंच. वरण दैवशालाच्या साडीवर आलं. आणि हात उठला. महिनाभर जो उठत नव्हता तो उठला, पूर्ण ताकदीनिशी, आणि आठ वर्षांच्या पोरीच्या डाव्या गालावर उतरला. पोरगी भिंतीवर आपटली. हरिओम घास हातात धरून बघत राहिला. शालू रडली नाही. तिनं सरळ बसून नाकातून आलेलं बाहीनं पुसलं, बाहीवरचं रक्त बघितलं, आणि शाळेत बाईंना विचारावं तसं साध्या आवाजात विचारलं, "आणखी मारणार का?" तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं. ताट घेऊन उठायचं की बसायचं ते ठरवायला.

दुसऱ्या दिवशी दैवशाला केदारखेड्याला गेली. का ते तिला नीट सांगता आलं नसतं. सुट्टी टाकली आणि भोकरदनच्या गाडीत बसली. मनात कुठंतरी होतं की भागवतचं मनगट बघावं. ते दातांचे वण, अर्धगोल, पांढरे झालेले, एकदा डोळ्यांनी बघितले तर आपण आपल्याला सापडू. पण भागवत बाजाराला गेलेला होता. घरात आई होती, मालनबाई, ओसरीवर सुपात हरभरे निवडत. उन्हाची तिरीप तिच्या पायांवर होती. तिनं पोरीकडे एकदा बघितलं आणि दुसरं सूप पुढं सरकवलं. दोघी निवडायला लागल्या. बऱ्याच वेळानं दैवशालानं थपडेचं सांगितलं, पेढ्यांचं सांगितलं. शालूचं सांगितलं नाही. मग म्हणाली, "माय, मी अशी न्हवते. तुला म्हाईतीये ना? भागवतदादाला कशी चावल्ते मी? सोडावंच लागलं त्याला."

मालनबाईचे हात थांबले नाहीत. ती हसली, तोंडातल्या तोंडात. "तुला अजून वाटतं तुझ्या दातानं सुटलीस?"

"मंग?"

"त्यो हंबरला ते चावल्यानं न्हाई. मी चुलीतलं जळकं लाकूड आणून त्याच्या पाठीत घातलं. तुझं तोंड त्याच्या हातात रुतलेलं, तुला काय दिसणार. अजून डाग हाय त्याच्या पाठीवर. आंघोळीला बसला की बघ." ती एक किडका हरभरा अंगणात टाकत म्हणाली. "चावण्यानं तर त्यो जास्तच चवताळला होता. मारून टाकली असती त्यानं तुला."

दैवशालाला हरभऱ्यांचा खडखड आवाज फार मोठा वाटायला लागला. "मी विहिरीकडं गेल्ते," ती म्हणाली.

"तू गेलीस. मंग मी एकली सापडले त्याला." मालनबाईनं उजवा हात वर करून उलटा केला. तिची करंगळी मधल्या पेरात बाहेरच्या बाजूला वळलेली होती. म्हशीच्या दाव्यात अडकून मोडली असं घरात सगळे सांगायचे. "हे त्याच दिवशीचं. मंग जून आला तर मी त्याला म्हणले, पोरगी आयटीआयला जाईल, न्हाईतर मी हे बोट पंचात दाखवीन. मंग गप बसला."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुला बरं वाटत होतं की. मैत्रिणींना सांगत हिंडायचीस, मी चावले, मी चावले. कशाला सांगू? मंग तू खांबावर चढायला लागलीस. मंग तर बिलकुलच न्हाई. वर असताना आठवलं असतं तुला तर?"

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून दैवशाला मनात आपल्या आईला मारत होती. हे तिला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. त्या वाकड्या करंगळीला धरून ती पुरती उलटी मोडावी, इतका संताप येत होता. कुणी मागितलं होतं तुला? माझा एक दिवस होता, माझा स्वतःचा, त्याच्यावर मी घर बांधलं, नोकरी बांधली, आणि तुझं लाकूड त्याच्याखाली निघालं. मग संताप एकदम ओसरला आणि तिथं रिकामं उरलं. बाहेर नांगरून टाकलेली काळी रानं मागं पळत होती आणि दर थोड्या अंतरावर विजेचा खांब येत होता. तिला मोजायची सवय नव्हती, ती नुसती बघत होती. यांतल्या कितीतरी खांबांवर आपण चढलो आहोत, असं तिच्या मनात आलं. वाटूरचा तो वाकलेला खांब. मोहोळवाला खांब. चव खोटी होती, पण खांब खोटे नव्हते. त्यांच्यावर चढलेले पाय कुणाचे होते मग? तिनं चपलेतल्या पायांकडे पाहिलं. गाडी जालन्याच्या स्टँडला लागली, आणि घरी शालू तिच्यापासून हातभर अंतर ठेवून दप्तर भरत होती.

मे महिन्याच्या मध्यावर, लग्नाची मोठी तीथ असलेल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला वावधान सुटलं. पाऊस नाहीच, नुसती धूळ आणि वारा. पत्रे उडाले, फांद्या तारांवर पडल्या, आणि ऑफिसातला फोन वाजायचा थांबेना. माणसं सगळी बाहेर गेलेली. अंबड रोडवरच्या एका मंगल कार्यालयातून चौथ्यांदा फोन आला तेव्हा कलीमचाचा हेल्मेट घालत म्हणाला, "चल पोरी. तू फक्त शिडी धर. मी जल्दी उरकतो." गाडीचा ड्रायव्हर सोमेश्वर आणि ते दोघं, एवढेच होते. कार्यालयाच्या गेटासमोर खांबावरची तार तुटून लोंबत होती. आत मांडवाची कापडं फाटून फडफडत होती, घामाघूम वऱ्हाडी बाहेर येऊन उभे होते, आणि नवऱ्याकडचा फेटेवाला एक जण चाचाच्या अंगावर आला, "अहो, मुहूर्त टळू राह्यलाय, तुम्ही हळदीकुंकवाला आलात का?" चाचानं कोपऱ्यावरचा स्विच खाली पाडून त्या भागाची वीज बंद केली. चढल्यावर तार जमिनीशी जोडून मगच तिला हात लावायचा, हे तो प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचा. त्या दिवशी खाली इतका आरडाओरडा होता, फेटेवाला शिडीच हलवायला लागला होता, की चाचानं ते केलं नाही. त्यानं कमरेचा पट्टा खांबाला लावला आणि तार धरली. नेमकं तेव्हाच मागच्या बाजूला कुणीतरी कार्यालयाचं जनरेटर सुरू केलं. त्याची घरघर दैवशालानं ऐकली, आणि ती वीज उलटी त्याच तारेत येणार हे तिच्या लक्षात येईपर्यंत वर चाचाचं अंग ताठ झालं.

माणसाच्या घशातून निघतो तसा तो आवाज नव्हता. चाचाचे पाय झाडले गेले, शिडी फेटेवाल्याच्या खांद्यावर आदळून रस्त्यावर पडली, तारेतून निळी ठिणगी फुटली आणि जळक्या मांसाचा वास खाली आला. बाया किंचाळत मांडवात पळाल्या. "जनरेटर!" दैवशाला ओरडली. "सोमेश्वर, जनरेटर बंद कर!" तो धावला. ती खाली उभी राहून ती घरघर थांबायची वाट बघत होती, आणि तेवढ्या वेळात तिनं जे पाहिलं ते पुढं तिच्या डोळ्यांतून कधीच पुरतं गेलं नाही. मग घरघर थांबली. चाचाचा हात तारेपासून सुटला, तो मागं कोसळला आणि पट्ट्यावर लोंबकळला. मान मागं, तोंड उघडं. पट्टा सरकून त्याच्या काखेखाली, छातीवर आवळला गेला होता, श्वासाला जागाच नव्हती. सोमेश्वर परत येऊन म्हणाला, "फायर ब्रिगेडला फोन केलाय. येऊ राह्यलेत. थांब." फेटेवाला रस्त्यावर बसून खांदा धरून शिव्या देत होता. दहा बारा जण मोबाइल वर धरून उभे होते.

दैवशालानं गाडीतला पट्टा कमरेला बांधला, दोर खांद्यावर टाकला आणि शिडी उचलून लावली. मी चढते, असं ती म्हणाली नाही. म्हणायला आत काही नव्हतं. जबडा थडथड वाजत होता, दातावर दात बसत नव्हता. तोंड कोरडं पडलं होतं, खारट नाही, काहीच नाही. पहिल्या पायरीवर तिला वाटलं, आपल्याच्यानं होणार नाही. दुसऱ्या पायरीवरही तेच वाटलं. तिसऱ्या पायरीवर तिच्या मांड्यांमधून गरम लघवी पायजम्यात उतरली, खाली बघणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी. पाय मात्र पुढच्या पायरीवर गेला होता. ती पूर्णवेळ घाबरलेलीच होती. प्रत्येक पायरीला खाली उतरावं असं वाटत होतं आणि प्रत्येक पायरीला ती एक पायरी वर असायची. खांबाच्या टोकाशी पोहोचून तिनं आधी तार जमिनीशी जोडली, मग स्वतःचा पट्टा अडकवला, आणि चाचाच्या कॉलरला धरून त्याला सरळ केलं.

त्यानं श्वास घेतला, फाटक्या भात्यासारखा, आणि डोळे उघडले. त्या डोळ्यांत तिची ओळख नव्हती. "छोड!" तो ओरडला, "छोड मेरे कू!" आणि त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. पुढचा दात तुटल्याचा आवाज तिच्या कवटीत झाला. त्यानं परत मारलं, नाकावर. गुडघा तिच्या पोटात घातला. तिशीतल्या माणसाला खांबावर लाजवणारं ते म्हातारं अंग शॉकनं वेडं होऊन सुटायला बघत होतं, आणि तो पट्ट्यातून सुटला असता तर वीस पंचवीस फुटांवरून डोक्यावर पडला असता. "चाचा, मी हाय! दैवशाला!" तिनं रक्त थुंकत सांगितलं. त्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं करपलेल्या बोटांनी तिचा गळा धरला. तिनं खांबाला मिठी मारावी तशी त्याला मिठी मारली, खांब आणि तो दोघं मिळून, आणि डोकं त्याच्या छातीत खुपसलं. तो तिच्या पाठीवर बुक्क्या मारत राहिला. ती धरून राहिली. किती वेळ ते तिला कळलं नाही. मग बुक्क्या हलक्या झाल्या, आणि तो एकदम लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. तेव्हा तिनं त्याच्या काखेतून दोर बांधला, आडव्या लोखंडी पट्टीवरून खाली सोडला, सोमेश्वरनं आणि चार वऱ्हाड्यांनी टोक धरलं, आणि तिनं चाचाचा पट्टा कापला. तो गरगरत, हळूहळू, लग्नाच्या लोकांच्या हातात उतरला. त्यानंतर तिला उतरता येईना. हातपाय आखडले होते. फायर ब्रिगेडचा माणूस वर येऊन तिला घेऊन गेला.

कलीमचाचा वाचला. सरकारी दवाखान्यात त्याची उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. तो आता कधी चढणार नव्हता. दैवशालालाही रात्रभर तिथंच ठेवून घेतलं होतं. सकाळी ती त्याच्या वॉर्डात गेली तेव्हा त्याची बायको नूरबी खाटेशी बसली होती. तिनं दैवशालाचं सुजलेलं तोंड, टाके, तुटलेला दात बघितला आणि विचारलं, "ये इन्होंने किया?" दैवशालानं मान डोलावली. नूरबीनं तिचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. चाचा छताकडे बघत होता. "याद न्हाई मला," तो पुटपुटला, "बिलकुल याद न्हाई." तेवढ्यात साहेब आले. मोबाइलवरचा व्हिडिओ सगळ्या जालन्यात फिरला होता. "तुमचं नाव वर पाठवतोय मी, सत्कारासाठी," ते म्हणाले, "तुमच्यासारखी निडर माणसं—"

"सर," दैवशाला म्हणाली. ओठ फाटल्यानं शब्द नीट उमटत नव्हते, म्हणून ती सावकाश बोलली. "लई भ्याले होते मी. व्हिडिओत दिसतंय ते. आन मस्तगडच्या त्या माणसावर फिर्याद द्यायचीय मला. आज."

"आता? अहो, महिना उलटून गेला. त्यानं माफी मागितली, तुम्ही पेढा खाल्ला."

"व्हय. खाल्ला. तेबी सांगते तिथं. तुम्ही या, न्हाईतर नका येऊ."

साहेब आले नाहीत. ठाण्यात तिला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं. शेवटी एका हवालदार बाईनं समोर बसवून विचारलं, आणि तिनं सगळं सांगितलं. काय होईल याची तिला काही खात्री वाटत नव्हती.

घरी आली तेव्हा दुपार झाली होती. हरिओम गोदामातून अजून यायचा होता. शाळेला सुट्ट्या होत्या. शालू फरशीवर बसून चित्रं रंगवत होती. तिनं आईकडे बघितलं, रंगीत खडू खाली ठेवला, आणि जागेवरूनच विचारलं, "कुणी मारलं?"

"कलीमचाचांनी."

"मंग तू त्यांना मारलं?"

"न्हाई."

"मंग काय केलं?"

"धरून ठेवलं."

"लई वेळ?"

"लई वेळ."

शालूनं मान हलवली आणि खडू पुन्हा उचलला. ती होती तिथंच राहिली, हातभर अंतरावर. दैवशाला खाली बसली. त्या अंतरापलीकडे हात न्यायची तिला छाती होईना. काल वर चढताना वाटलं नव्हतं इतकं भय या फरशीवर वाटत होतं. तिनं हात मांडीवरच ठेवला.

"त्या दिवशी मी तुला मारलं," ती म्हणाली. "लागलं का लई?"

शालूचा खडू थांबला. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे, मग परत तोंडाकडे.

"व्हय," ती म्हणाली, आणि मान वळवून, केस कानामागं सारून, कुठं लागलं होतं ते दाखवू लागली.